डॉलरचे रुपये करून भाव छापू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

निपाणीत माझे मोबाईल आणि ॲक्सेसरीजचे दुकान आहे. हातात धरून खेळायच्या नव्या गेम कन्सोलची बातमी आपल्या पुरवणीत आली की ते कात्रण घेऊन पालक येतात. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘स्विच २’ आला तेव्हाही असेच झाले. बातमीत छापले होते: ४४९.९९ डॉलर, म्हणजे साडेअडतीस हजार रुपये! “पेपरात हा भाव आहे, मग तुम्ही जास्त कसा सांगता?” याचे उत्तर देता देता माझी जीभ दुखते.

अमेरिकेत जाहीर होणाऱ्या भावात तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडे आयात शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्यातून जून २०२५ मध्ये स्विच २ बाजारात आला, तेव्हा कंपनीने भारतात अधिकृत विक्री ठेवलीच नव्हती. म्हणजे माल येणार तो कुणीतरी बाहेरून आणलेला, भाव आणणाऱ्याच्या मर्जीचा आणि वॉरंटी शून्य. काहीजण परदेशातल्या पाहुण्यांना आणायला सांगतात. जपानमध्ये २०२५ मध्ये तो ४९,९८० येनला, म्हणजे बराच स्वस्त आला; पण त्या स्वस्त मॉडेलवर जपानीशिवाय दुसरी भाषाच नाही. पाट्यांच्या भाषेवरून आधीच एवढे रामायण चाललेल्या आमच्या सीमाभागात आणखी जपानी कुठे शिकायची?

भाव चुकला की काय होते हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. निन्टेंडोचाच आधीचा कन्सोल ‘थ्रीडीएस’ मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला. खप होईना, म्हणून ऑगस्टमध्येच तो १७० वर आणावा लागला. आधी घेतलेल्यांचा राग शांत करायला २० जुने गेम फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. (आमच्याकडे भाव उतरला तर जुन्या गिऱ्हाइकाला चहासुद्धा मिळत नाही, हे मान्य.) सोनीच्या ‘व्हिटा’ कन्सोलचे दुखणे वेगळे होते. यंत्र चांगले, पण मेमरी कार्ड त्यांचेच घ्यायचे आणि तेही महाग. निन्टेंडोचा ‘गेम बॉय’ मात्र १९८९ मध्ये रंगीत पडदा नसताना ९० डॉलरला चालला आणि रंगीत पडद्याचे महागडे, सेल खाणारे सेगा कंपनीचे ‘गेम गियर’ मागे पडले.

म्हणून मी पूर्वी “जरा थांबा, भाव उतरेल” असे सांगत असे. आता तेही सांगायची सोय राहिली नाही. २०१७ चा पहिला स्विच ३०० डॉलरचा होता. आठ वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेत तो ३४० चा केला. जुना माल महाग होताना मी प्रथमच पाहिला.

तंबाखूचे पैसे हातात आले की पोराचा हट्ट पुरवायला निघालेला माणूस पुरवणीतला आकडा खरा धरतो. तेव्हा अशा बातमीत निदान तीन गोष्टी छापाव्यात: भारतात अधिकृत विक्री आहे का, कर धरून इथला भाव किती आणि बिघडले तर दुरुस्ती कुठे. यातले कळले नसेल तर नुसता डॉलरचा आकडा द्या. गुणाकार आम्ही करू, पण मग तो पेपरचा भाव म्हणून माझ्या काउंटरवर कुणी आपटणार नाही.

आपला,
एक दुकानदार, निपाणी (जि. बेळगाव)