सकाळी नमुना, संध्याकाळी 'पिण्यास योग्य'?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्या पानावर 'पाणी पिण्यास योग्य, प्रयोगशाळेचा निर्वाळा' ही बातमी वाचली. सकाळी अकराला नमुने घेतले आणि संध्याकाळी अहवाल आला, हे बातमीतच छापले आहे. मग तो अहवाल कशाचा, हे आपल्या प्रतिनिधीने विचारायला हवे होते. गढूळपणा, पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, कठीणपणा एवढे एका दिवसात होते. पण प्रभागात घरोघरी जुलाब सुरू असताना प्रश्न जंतूंचा होता, आणि त्याचे उत्तर त्या संध्याकाळी कोणाकडेही असणे शक्य नव्हते.

अणुजैविक तपासणीत जंतू वाढू द्यावे लागतात. एमपीएन पद्धतीत (जंतूंच्या संख्येचा अंदाज काढण्याची पद्धत) ठरावीक मापाने पाणी मॅकॉन्की ब्रॉथ या जंतू वाढवणाऱ्या पोषक द्रावणाच्या नळ्यांत घालून 37 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. 24 तासांनी आणि पुन्हा 48 तासांनी बघतात: जांभळा ब्रॉथ पिवळा पडला का, आत उलटी ठेवलेल्या छोट्या डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा साठला का. साठला असेल तर तो ई. कोलाय या मैल्यातून येणाऱ्या जंतूचाच आहे का, हे ठरवायला नव्या नळीत घालून 44 अंशांवर आणखी एक दिवस. एन्झाइमची नवी पद्धत वापरली तरी 18 ते 24 तास जातात. गावोगावी वाटतात ती एच-टू-एसची बाटली काळी पडायलाही 24 ते 48 तास लागतात. सकाळी अकराचा नमुना संध्याकाळी 'योग्य' ठरवणारी पद्धत आपल्याकडच्या नेहमीच्या तपासणीत नाही.

बातमीशेजारचा फोटो तर मला जास्त खटकला. कर्मचारी मिनरल वॉटरची रिकामी बाटली नळाखाली धरून उभा आहे आणि तिचे झाकण ओट्यावर पडले आहे. या बाटलीचा अहवाल कसाही आला तरी तो ग्राह्य धरता येणार नाही. निर्जंतुक नसलेल्या बाटलीत किंवा झाकणावर जंतू असतील तर चांगले पाणी नापास होईल, हे कोणालाही कळते. उलटी चूक जास्त घातक आहे आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. पाण्यात थोडेफार क्लोरीन असेल तर ते बाटलीतही काम करत राहते. नळाखाली तांब्या धरून लगेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात जंतू जिवंत जातात, आणि तेच पाणी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या दोन-तीन तासांत बाटलीत त्यांचा नायनाट होतो. अहवाल येतो 'योग्य'.

म्हणून 120 मिलीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेटचे 3 टक्क्यांचे 0.1 मिली द्रावण आधी घालतात आणि मग ती ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करतात. तेवढ्याने 5 पीपीएमपर्यंतचे (लिटरला 5 मिलिग्रॅम) क्लोरीन निकामी होते. ही बाटली पाण्याने विसळायची नसते, विसळली की थायोसल्फेट वाहून गेलेच. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची असते. दोन्हींसाठी एकच बाटली भरून आणणारे कर्मचारी नेमके इथे चुकतात, कारण त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. वर बोटभर जागा मोकळी ठेवायची, झाकण हातातच धरायचे, बाटली बर्फाच्या पेटीत 10 अंशांच्या खाली न्यायची. सहा तासांत तपासणी सुरू झाली तर उत्तम. 24 तासांपुढे तो नमुना टाकून द्यायचा.

नमुना कुठला, हेही बातमीत नाही. 'जलकुंभाजवळून' एवढेच आहे. जलकुंभाजवळ पाणी चांगलेच असते, बिघडते ते वाटेत. आपल्याकडे पाणी दिवसाआड तासभर येते. उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते आणि गटाराशेजारच्या गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. व्हॉल्व्ह उघडला की पहिली पाच-दहा मिनिटे तेच पाणी शेवटच्या टोकाच्या घरांत येते आणि लोक घाईने तेच भरतात. नमुना घेताना नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, हा नियम मुख्य वाहिनीतले पाणी मिळावे म्हणून आहे. पण त्यात पहिले खराब पाणी निसटते, म्हणून तक्रारीच्या घरी पाणी सुटल्यासुटल्या एक नमुना आणि अर्ध्या तासाने दुसरा, असे दोन घ्यायला हवेत. दोघांत फरक दिसला तर गळती त्याच गल्लीत शोधायची.

त्याच संध्याकाळी सांगता येण्याजोगा एक उपयोगी आकडा होता, तो बातमीत नाही: शेवटच्या नळावरचे मोकळे क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक उरलेले. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकले की दहा सेकंदांत पिवळा रंग बघता येतो. 0.2 पीपीएमच्या खाली असेल तर अहवालाची वाट न बघता टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवायचे. 1000 लिटरला 5 ग्रॅमचा हिशेब 33 टक्क्यांच्या ताज्या पावडरीचा आहे, त्यातून साधारण 1.65 पीपीएम मिळते. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातली पावडर 15 टक्क्यांवर आली असेल तर तेच 5 ग्रॅम 0.75 देतात आणि टोकाला शून्य उरते.

2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. नेहमीच्या पाणीतपासणीत हा जंतू कोणी शोधत नाही. त्याला वाढायला कमी प्राणवायू आणि 42 अंश लागतात. ई. कोलाय ही पाण्यात मैला मिसळल्याची खूण आहे, म्हणून भारतीय मानकात 100 मिलीत एकही चालत नाही. ती खूणच नीट न तपासता 'योग्य' छापले तर उद्या लोक पाणी उकळणे बंद करतील. कृपया दुरुस्ती पहिल्या पानावरच छापावी आणि अणुजैविक अहवाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे, असे त्यात स्पष्ट लिहावे.

आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर शुद्धीकरण यंत्राची जाहिरात आहे. दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवल्या आहेत, नळाच्या पाण्याचा ग्लास तपकिरी झाला आहे आणि यंत्राच्या पाण्याचा स्वच्छ आहे. तो तपकिरी गाळ कांडीतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि लोखंड सुटते. यंत्राच्या पाण्यात क्षार नसल्याने ती जवळजवळ वाहत नाही. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून कांड्या पुन्हा बुडवा, तोही तपकिरी होईल. या प्रयोगात जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड यांपैकी काहीही कळत नाही. त्याला भुलून माणसे हजारो रुपये मोजतात. पुढची जाहिरात घेण्याआधी हा प्रयोग आपल्या कार्यालयात एकदा करून बघावा.

आपला,
एक नियमित वाचक