शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं?

प्रिय सानू,
अनेक आशीर्वाद.

विभागप्रमुखांचं शिफारसपत्र असलं तर विद्यापीठांच्या प्रवेशअर्जाला वजन येईल, असं तू काल म्हणालीस. मला ते पटलेलं नाही. दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी मीही अशी पत्रं लिहितो, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

ज्या मुलाला मी फक्त हजेरीपटावरून ओळखतो, त्याच्याबद्दल लिहायला बसलो की एकच ओळ सुचते : ‘कष्टाळू, प्रामाणिक आणि नम्र आहे.’ सहीखाली पद कितीही मोठं असो, या गृहस्थाला मुलाची काडीची माहिती नाही हे वाचणारा तिथेच ओळखतो. तुझ्या प्रकल्पाच्या मॅडमचं तसं नाही. आकडे जुळेनात तेव्हा तू सगळी मोजमापं पुन्हा घेतलीस आणि दोष उपकरणात आहे हे दाखवून दिलंस, ते त्यांच्या डोळ्यांदेखत. विभागप्रमुखांना हे कुठून ठाऊक असणार?

मॅडमना नुसतं ‘पत्र द्याल का?’ असं विचारू नकोस. ‘माझ्याबद्दल खात्रीने चांगलं लिहिता येईल का?’ असं विचार. त्या घुटमळल्या तर आभार मानून दुसरं कुणी बघ. मुदतीच्या निदान महिनाभर आधी भेट, आणि गुणपत्रिका, बायोडेटा, प्रकल्पाचा अहवाल, प्रत्येक ठिकाणची अंतिम तारीख हे सगळं एकाच मेलमध्ये पाठव. अर्जाच्या पोर्टलवर त्यांचा संस्थेचा ईमेल भर. पत्र चढवण्यासाठी त्यांना येणारी विद्यापीठाची लिंक हमखास स्पॅममध्ये जाऊन बसते, तेव्हा आठवड्याने विचारायला लाजू नकोस.

कुणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणालं, तर गोड बोलून टाळ. अर्जात तू स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन आणि ते पत्र एकाच हातचं आहे हे लपत नाही, आणि उघडकीला आलं तर अर्जच बाद व्हायचा. फार तर मुद्दे काढून दे.

अमेरिकेच्या अर्जात ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?’ असा प्रश्न येईल. हा हक्क तिथल्या १९७४ च्या कायद्याने दिलेला आहे. तू तो खुशाल सोड. लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

मॅडमशी बोलणं झालं की कळव. विभागप्रमुखांना शब्द देऊन बसली असशील, तर त्यातून न दुखावता कसं सुटायचं ते रविवारी बोलू.

तुझा,
बाबा