मिथाइल लागला म्हणजे डीएनए बिघडला असं नाही

संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या विज्ञान पुरवणीतला डीएनएवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे फार चांगलं केलंत, पण 'रासायनिक बदलांमुळे डीएनएची रचना बिघडते' हे वाक्य काही पटलं नाही. मी मुलांना बायोलॉजी शिकवते आणि हाच घोळ दरवर्षी निस्तरावा लागतो, म्हणून लिहितेय.

लेखात मिथिलेशन आणि डॅमेज एकाच पंगतीला बसवलंय. मिथिलेशन आपल्या पेशी स्वतःच करतात, एन्झाइम वापरून. डीएनएच्या चार अक्षरांपैकी (त्यांना बेस म्हणतात) सायटोसिन हे एक, त्याच्या रिंगवर पाचव्या नंबरच्या कार्बनला मिथाइल ग्रूप लागतो, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस एवढंच. समोरच्या जोडीदार अक्षराशी, म्हणजे ग्वानिनशी, धरून ठेवणारे तीन हायड्रोजन बंध दुसऱ्या बाजूला असतात, त्यांना धक्का लागत नाही. वर्गातल्या मॉडेलवर मी तिथे मातीची छोटी गोळी लावायला सांगते आणि मुलं ती पिळदार शिडी हातात फिरवून बघतात तेव्हा त्यांचं त्यांनाच दिसतं की गोळी पायरीच्या, म्हणजे बेसच्या जोडीच्या, आड येतच नाही, बाहेरच्या मोठ्या खाचेत डोकावते. प्रोटीन बरेचदा याच खाचेतून डीएनए वाचतात, त्यामुळे तिथे मिथाइल असला की काही प्रोटीन नीट बसत नाहीत आणि काही नेमके तिथेच येऊन बसतात. आणि थायमिन या दुसऱ्या बेसला तर असाच मिथाइल, त्याच पाचव्या कार्बनवर, मुळातच असतो, त्याला कोणी बिघाड म्हणत नाही!

पिळावर परिणाम होतो हे मात्र खरंय. सायटोसिन (सी) आणि ग्वानिन (जी) आलटून पालटून, म्हणजे सीजीसीजी अशी ओळ असली आणि त्यातल्या सायटोसिनवर मिथाइल असले तर नेहमीचा उजवा पीळ सुटून डावा पीळ, म्हणजे झेड-डीएनए, व्हायला सोपं जातं. तिथे एका वेढ्यात नेहमीसारख्या साडेदहाच्या आसपास नव्हे, 12 जोड्या बसतात.

आता खरं डॅमेज. ऑक्सिडेशनमुळे ग्वानिनच्या आठव्या कार्बनवर ऑक्सिजन येतो, तो शेजारच्या साखरेच्या (शिडीच्या कडेचा भाग) बाजूला अडचण करतो, मग तो बेस साखरेवरच्या बंधाभोवती उलटा वळू शकतो आणि कॉपी होताना सायटोसिन सोडून ॲडेनिन या चौथ्या बेसशी जोडी जमवतो. वाईट म्हणजे ही चुकीची जोडी आकाराने इतकी बरोबर दिसते की कॉपी करणारं एन्झाइमसुद्धा फसतं, आणि पुढे जी च्या जागी टी (थायमिन) येऊन बसतो. उन्हातल्या यूव्हीने शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात तेव्हा उलट होतं, तिथे अख्खी शिडी वाकते आणि त्या वाकण्यावरूनच दुरुस्ती करणाऱ्या प्रोटीनना जागा सापडते. या दुरुस्तीच्या कामाला 2015 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालंय, लेखात त्याचा उल्लेखही नाही. कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन तर शेजारच्या दोन ग्वानिनना बांधून डीएनएला बाक आणतं, त्यावरच त्या औषधाचं काम चालतं.

तेव्हा एक विनंती, पुढच्या अंकात खुलासा छापा आणि सोबत मिथाइल लागलेल्या सायटोसिनचं आणि उलट्या वळलेल्या ग्वानिनचं अशी दोन चित्रं शेजारी शेजारी द्या. मी ते पान वर्गात लावीन.

आपली,
एक वाचक शिक्षिका