आजीच्या कागदांच्या पिशवीविषयी

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार.

आकडेमोड करून म्हाताऱ्या माणसांची सेवा कशी होणार, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

इथे बहुतेक प्रत्येक माणसाचे नाव एखाद्या स्थानिक डॉक्टरकडे नोंदलेले असते आणि त्याचे आजार, औषधे व तपासण्या यांची माहिती वर्षानुवर्षे तिथल्या संगणकात साठत जाते. याच नोंदींवरून वृद्धांची जर्जरता मोजणारा एक निर्देशांक लीड्स विद्यापीठातील व इतर संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले गणित तुम्ही तोंडी कराल: मधुमेह, वारंवार पडणे, कमी ऐकू येणे, एकाच वेळी अनेक औषधे चालू असणे, घराबाहेर पडता न येणे अशा 36 बाबींपैकी किती आढळतात ते मोजायचे आणि 36 ने भागायचे. उत्तर 0.12 पर्यंत आले तर प्रकृती ठीक, 0.36 च्या वर गेले तर जर्जरता तीव्र. यासाठी रक्ताचा एक थेंबही काढावा लागत नाही. 65 व त्याहून अधिक वयाची जर्जर माणसे हुडकून काढणे 2017 पासून इंग्लंडमधील डॉक्टरांच्या करारातच आले आहे. यंत्र फक्त यादी देते, जर्जरता खरी की नाही हे डॉक्टर ठरवतात आणि तीव्र असेल तर वर्षातून एकदा औषधांचा फेरआढावा घेऊन पडण्याबद्दल विचारतात. मला ही पद्धत आवडते ती तिच्या साधेपणामुळे.

मात्र जे नोंदलेच गेले नाही ते यंत्राला दिसत नाही, आणि माझ्या मते या कामातला खरा धोका तोच आहे. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी एक प्रणाली रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवत असे. 2019 मधील अभ्यासात असे आढळले की कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात कमी खर्च होत असल्याने ते अधिक आजारी असूनही त्या प्रणालीला तितके आजारी वाटत नव्हते. ही चूक सुधारली तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये त्यांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले.

आता आपल्या घराकडे पाहा. आजी गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही आणि जिना उतरत नाही म्हणून दवाखान्यात जात नाही. तेव्हा केवळ दवाखान्यातल्या फेऱ्या मोजल्या तर अख्ख्या शिवाजी पेठेत तिच्याइतकी धडधाकट बाई सापडणार नाही! ती न्हाणीघरात घसरली हे कुठल्याही केसपेपरवर नाही. आई रात्री दोनदा उठून तिला धरून नेते, याची नोंद तर कोणीच ठेवत नाही, आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा आपल्याकडचा बहुतेक भार अशाच बिनहिशेबी हातांवर आहे.

म्हणून एक विनंती. कपाटावरच्या पिशवीतले जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत आणि एका वहीत चालू औषधे, वजन व पडण्याचे प्रसंग लिहावेत. आजीचा चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक) काढला असेल तर तो पहिल्या पानावर असू द्यावा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवायला न्याल तेव्हा वही सोबत न्यावी आणि इतक्या गोळ्यांपैकी कोणती बंद करता येईल, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. औषधांची यादी मात्र आईकडून लिहून घ्यावी. कोणती गोळी आजी गुपचूप खिडकीतून टाकते, हे आईलाच ठाऊक आहे.

आपली मुलगी