दादाचे पन्नास, माझे अडतीस

प्रिय मंदे,

हे फोनवर बोलता आलं नसतं. वहिनी सतत आसपास असते, आणि तू मध्येच हसवतेस. म्हणून लिहिते. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा होता तिथेच. झालं.

दादाने परवा माझा फॉर्म वाचला.

थेरपिस्ट बाईंनी एक प्रश्नावली दिली होती. सतरा प्रश्न. अपघातात दादाच्या डोक्याला मार लागण्याआधीच्या मानाने आता पैशाचे व्यवहार कसे जमतात, लक्ष कसं लागतं, नुकतंच घडलेलं आठवतं का, भावना आवरता येतात का, असले. १ म्हणजे फारच बिघडलंय, ३ म्हणजे पूर्वीसारखंच, ५ म्हणजे पूर्वीपेक्षा खूप चांगलं. तेच प्रश्न पेशंटला, तेच घरच्यांना, तेच थेरपिस्टला. मग बेरजांमधला फरक बघायचा, त्याला स्वतःचं किती भान आहे ते त्यावरून ठरतं. दादाने सगळीकडे ३ घातले, फक्त हातापायांच्या प्रश्नाला २. बेरीज ५०. माझी आली ३८. वहिनीची २९.

माझा कागद टेबलावर राहिला होता. त्याने सावकाश, बोट ठेवून वाचला. भावनांच्या प्रश्नापुढे मी १ लिहिलाय तिथे थांबला आणि म्हणाला, "शैले, माझं 'आधी' तू ठरवणार? तुला तर मी आधीही आवडत नव्हतो."

तू असतीस तर माझ्याकडे बघितलंही नसतंस, मला माहीत आहे. घराच्या प्रकरणानंतर आम्ही कसे बोलायचो ते तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक? त्या दिवसांतला दादा मी 'आधी' म्हणून धरायचा, की त्याच्याही आधीचा, आपल्याला सायकलवर डबलसीट नेणारा? प्रश्नावलीत तारीख नाही. आणि ज्याला स्वतःचं भान नाही असं आम्ही तिघी मिळून ठरवतोय, त्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

बाईंना हे सांगितलं तर त्या चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, पंचाईत जुनीच आहे. १९१४ साली बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने डावी बाजू लुळी पडलेले रुग्ण दाखवले, त्यांना आपल्याला काही झालंय हेच मान्य नव्हतं. तिथे तपासणं तरी सोपं: हात उचला म्हटलं की दिसतं. दादालाही पाय ओढतो हे मान्य आहेच. हातापायांचं बहुतेकांना कळतं. विसरणं, चिडणं, भलतंच बोलून जाणं हे कळत नाही. तिथे हात उचलायला सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तराला मोजपट्टी करतात. ती मोजपट्टी म्हणजे मी! आणि वहिनी, जिची महिनोन्‌महिने झोप झालेली नाही. घरच्यांच्या आकड्यांत त्यांची दमणूकही उतरते, हे बाईंनीच सांगितलं. मग २९ मध्ये दादा किती आणि वहिनीचं जागरण किती?

तुला आठवतं, वसतिगृहात तू सगळ्यांना दहापैकी गुण द्यायचीस? समंजसपणात मला ४ दिलेस, मी स्वतःला ८ दिले होते, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. प्रिगेटानो नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ३० प्रश्नांची प्रश्नावली आहे, १९८६ची, तीही फरकावरच चालते. त्या हिशेबाने माझं भान तेव्हा चाराने कच्चं होतं. पण तू बरोबर होतीस हे कुणी ठरवलं? (४ अन्यायच होता. अजूनही म्हणते.) त्यातल्या त्यात ती प्रश्नावली मला बरी वाटते. तिथे 'आधीपेक्षा' नाही, आत्ता काय जमतं एवढंच.

फरक नको म्हणून बाईंनी मुलाखतही घेतली. काय बदललंय, त्याने रोजच्या जगण्यात काय अडतं, आणि पुढचे बेत वास्तवाला धरून आहेत का. प्रत्येकाला ० ते ३, एकूण ९. आकडा जितका मोठा तितकं भान कमी. त्या मुलाखतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'साडी' होतं. वहिनी म्हणाली, म्हणजे सगळ्यात वाईट ती नऊवारी. त्या दिवसांत ती एवढीच हसली.

दादा मुलाखतीत म्हणाला, "विसरतो मी, असं हे म्हणतात." आता याला भान म्हणायचं का? बाईंच्या मते पायऱ्या आहेत: बोलण्यात कबूल करणं, चूक होत असतानाच ती पकडणं, आणि होणार हे आधीच ओळखून तयारी ठेवणं. दादा पहिल्या पायरीवर, तोही एक पाय टेकवून. कळतं पण वळत नाही, हे आपण सगळ्यांनाच ऐकवतो. याचं तर कळणंही उसनं आहे.

एवढं करून मोजायचं कशाला, तर गाडी. त्याला गाडी चालवायचीच आहे. वहिनीने किल्ल्या लपवल्यात, आणि तो दुसऱ्यांचे मुद्दे खोडायला पूर्वीइतकाच पटाईत आहे. (हे मात्र पक्कं ३.) बाईंनी त्याला एक काम देऊन आधी विचारलं, किती चुका होतील? "एकही नाही." झाल्या. तेव्हा म्हणाला, झोप झाली नव्हती. सुरुवातीला चूक दाखवली की तो नुसता गोंधळून बघायचा, आता भांडतो. बाई म्हणतात, अजिबात न कळणारा माणूस भांडत नाही. काहीतरी आत पोचतंय.

पुढच्या वेळी काम करतानाचा व्हिडिओ काढून त्याला दाखवणार आहेत. माझी झोप त्यानेच उडाली आहे. भान येतं तसं मन खचतं, असंही बऱ्याच जणांच्या बाबतीत दिसतं. आज तो त्याच्या पन्नासात सुखी आहे. माझ्या अडतीसावर आणून त्याचं भलं होईल? पण रस्त्यावरच्या पोराने त्याच्या पन्नासाची किंमत का मोजायची? म्हणून मी व्हिडिओला हो म्हटलंय. अट एकच घातली: दाखवताना मी आणि वहिनी खोलीत नको. हरायचंच असेल तर त्याने आमच्यासमोर हरू नये.

तुझं काय? बदली झाली की अजून फाईल फिरतेय? मुलीच्या निकालाबद्दल अभिनंदन, उशिरा का होईना. सासूबाईंना नमस्कार सांग.

आणि एक काम. सोबत कोरा फॉर्म पाठवतेय. अपघातानंतर दादाला तू पाहिलेलं नाहीस, तेव्हा 'आता' सोडून दे. पण 'आधी'चा तो कसा होता ते प्रत्येक प्रश्नापुढे दोन ओळींत लिही, विशेषतः रागाचं. तुला तो तेव्हा फारच आवडायचा (ती कविता वहिनीला अजून दाखवलेली नाही), म्हणजे तुझीही मोजपट्टी वाकडीच. चालेल. माझी दुसऱ्या बाजूला वाकलीय. शुक्रवारच्या आत पाठव, त्या दिवशी बाईंकडे जायचंय.

तुझी,
शैला