गोष्ट याच भागात संपते का, तेवढं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत आपण चार नव्या मालिकांच्या पहिल्या कादंबऱ्यांची परीक्षणं एकाच पानावर छापलीत. एक प्रेमकथा, एक रहस्यकथा आणि दोन थरारकथा. चारही परीक्षणांत भरभरून कौतुक, आणि चौघांचंही शेवटचं वाक्य जवळपास एकच : आता दुसऱ्या भागाची उत्सुकता. मी भुसावळात वाचनालय चालवते. ते पान कापून मी दाराशेजारच्या फळ्यावर लावलं आणि त्या कौतुकाच्या भरवशावर चारपैकी तीन पुस्तकं मागवली. टपालासकट अकराशे चाळीस रुपये झाले. माझ्याकडे महिन्याची वर्गणी शंभर रुपये आहे, यावरून अंदाज करा.

कौतुक खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. उलट माझ्याकडच्या वाचकांनी त्याहून जास्त केलं. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून एक रीत आहे. त्यांनी १९७४ साली घराच्या पुढच्या खोलीत हे वाचनालय काढलं. नवीन पुस्तक आलं की त्याला जाड खाकी कव्हर, आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद. तो चिकटवायला मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पुस्तक परत करताना वाचकाने त्या कागदावर वाटेल ते लिहावं. अट एकच, खुनी कोण ते लिहायचं नाही. लिहिलं तर दंड. पूर्वी चार आणे होता, आता दहा रुपये. पन्नास वर्षांत सात-आठ जणांनीच भरला असेल. त्यातल्या एका बाईंनी पैसे आधी काढून ठेवले आणि मग लिहिलं!

या तीन पुस्तकांचे कागद महिन्याभरात भरले. रहस्यकथेच्या कागदावर रेल्वे दवाखान्यातल्या एका सिस्टरनी लिहिलंय, ‘रात्री दोनला संपवली. सकाळच्या ड्युटीत कुणाला चुकीचं इंजेक्शन दिलं तर जबाबदार लेखक.’ (दिलं नाही, मी विचारून घेतलं.) प्रेमकथेच्या कागदावर एका कॉलेजच्या मुलीचं अक्षर आहे, ‘नायिका नोकरी सोडत नाही. देवा, आभार.’ त्याखाली वेगळ्या शाईत कुणीतरी, ‘सासूही बरी निघाली, हे मात्र पटलं नाही.’ आणि शिरपूरहून बदलून आलेल्या एका तरुण शिक्षकाने थरारकथेवर अहिराणीत सवाल टाकलाय, ‘पुढला भाग कवय येई?’ खाली लगेच दुसऱ्याचं, ‘मी बी वाट देखी राहिनू.’

माझी तक्रार या शेवटच्या पुस्तकाबद्दल आहे.

ते पहिल्यांदा नेलं आमच्या गार्डसाहेबांनी. रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण आमच्या गल्लीला तो बदल अजून मंजूर नाही. रात्रीच्या मालगाडीत, ब्रेकव्हॅनच्या कंदिलाच्या उजेडात वाचत आलेला माणूस. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला, मी अजून ओटा धुवत होते, तेव्हा येऊन पुस्तक टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलंच. म्हणाले, ‘वहिनी, गाडी आउटरला उभी करून ड्रायव्हर घरी जेवायला गेला.’

मी शेवटचं पान उघडून पाहिलं. नायक पुलाच्या मधोमध, हातात फाइल, पुलाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी, आणि खाली चौकटीत ‘भाग पहिला समाप्त’. फाइलीत काय ते नाही. बहिणीला कुणी नेलं ते नाही. पहिल्या पानावर ज्या फोनने गोष्ट सुरू होते, तो फोन कुणाचा तेही नाही. मुखपृष्ठावर ‘भाग १’ कुठे छापलेलं नाही, आत कॉपीराइटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे. आणि आपल्या परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘वाचक श्वास रोखून धरतो.’ खरं आहे. पण सोडायचा कधी, ते सांगितलेलं नाही.

बाकीची दोन तशी नाहीत. रहस्यकथेतला खून त्याच पुस्तकात उलगडतो. उरतो तो त्या इन्स्पेक्टर बाईंचा स्वतःचा घरगुती गुंता, तो पुढे कितीही पुस्तकं चालू दे. प्रेमकथेतल्या दोघांचं जमतं, आणि नायिकेची मैत्रीण खिडकीशी उभी राहते, म्हणजे पुढचं पुस्तक तिचं. या दोन पुस्तकांना दुसऱ्या भागाची ‘उत्सुकता’ हा शब्द शोभतो. तिसऱ्याला शोभत नाही, ती नड आहे. आपल्या पानावर मात्र तिघांना एकच शब्द मिळाला.

यावर कुणी म्हणेल की मालिका म्हटली की असंच असायचं. तसं नसतं. सासऱ्यांची दोन कपाटं अजून माझ्याकडे आहेत. बाबुराव अर्नाळकरांचे नायक झुंजार, काळापहाड, धनंजय. खाली सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, अमर विश्वास, फिरोज इराणी. शेजारी गुरुनाथ नाईक. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. या कपाटांतलं कुठलंही पुस्तक डोळे मिटून ओढा आणि भुसावळ ते मुंबई वाचा, इगतपुरीच्या आत खुनी सापडतो. माणसं तीच, प्रकरण नवं. मला लग्नानंतर पहिल्यांदा जे मिळालं ते झुंजारचं कितवं होतं हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्याने माझं काही अडलं नाही.

सासरे शेरलॉक होम्सचा दाखला द्यायचे, पुढे मी स्वतः वाचून खात्री केली. होम्सची पहिली कादंबरी आली १८८७ साली, आपल्याकडच्या दिवाळी अंकासारख्या तिकडच्या एका नाताळ अंकात. कॉनन डॉइलना तिचे सगळे हक्क विकून पंचवीस पौंड मिळाले होते. उत्साही प्रतिसाद वगैरे काही नाही. दुसरी कादंबरी १८९० साली आली, तीही एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने लंडनमध्ये जेवायला बोलावून मागितली म्हणून. लोक वेडे झाले ते १८९१ पासून, मासिकात लघुकथा येऊ लागल्या तेव्हा. त्यामागचा विचार डॉइलनी आठवणींत लिहून ठेवलाय : मासिकातल्या क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला की वाचक तुटतो, म्हणून नायक तोच ठेवायचा आणि गोष्ट दर अंकात पुरी करायची. वाचनालयवाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे तर अंक चुकणं हाच नियम. दुसरा भाग कुणीतरी लग्नाला जाताना बॅगेत घालून नेलेला असतो.

अगाथा ख्रिस्तींचं त्याहून बोलकं. पहिली कादंबरी पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेली, बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलेली, छापून आली १९२० साली. घेणाऱ्या प्रकाशकाने पुढच्या पाच पुस्तकांचा करार त्याच कागदावर करून घेतला आणि शेवटचं प्रकरण बदलायला लावलं. मूळ उलगडा कोर्टात साक्षीच्या वेळी होता, तो घराच्या बैठकीत आणवला. म्हणजे पाच पुस्तकं पुढे बांधून घेतलेली असूनही सगळी मेहनत कशावर? तर पहिल्या पुस्तकाच्या शेवटावर. तिच्यातला गुप्तहेर पॉयरो पुढे पन्नासएक वर्षं चालला. पहिल्या पुस्तकातला खुनी त्याने दुसऱ्यासाठी राखून ठेवला नव्हता.

प्रेमकथांच्या मालिका मराठीत कमी, इंग्रजीत रग्गड. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलगी ज्युलिया क्विनची ब्रिजर्टन मालिका मोबाइलवर वाचते. आठ भावंडं, आठ पुस्तकं. पहिलं पुस्तक २००० साली आलं, ते चौथ्या भावंडाचं, मुलीचं. थोरला बिनलग्नाचा बसलाय आणि धाकटीचं आधी उरकलं, हे ऐकून माझ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘अवं माय, मग थोरल्यात काही खोट आहे काय?’ त्याचं दुसऱ्या पुस्तकात होतं. पण बघा, एका मांडवात एक लग्न पुरं लागतं. पंगतीत पुढच्याचं बोलणं सुरू होतं, तेही आपल्याकडच्यासारखंच. अक्षता टाकायच्या वेळी भटजी कधी म्हणत नाहीत की उरलेली मंगलाष्टकं पुढच्या वर्षी.

मालिका हा प्रकारच हलका, असं मानणारे विद्वान मला माहीत आहेत. त्यांतले दोघे माझे वर्गणीदार आहेत आणि थरारकथा वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी चांगदेव पाटील हा एकच नायक चार कादंबऱ्यांत सांगितला, १९७५ ते १९७९. तेव्हा कुणी मालिका म्हणून नाक मुरडलं नाही. असो.

दुसऱ्या भागाची उत्सुकता म्हणजे काय, ते मी भोगलंय. २०२२ साली असाच एक पहिला भाग घेतला होता, मध्येच तुटणारा. तो इतका फिरला की पुढच्या मे महिन्यात त्याची पानं सुटली. आमच्या उन्हाळ्यात नुसत्या डिंकाची बांधणी टिकत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कणा मऊ पडतो आणि पुस्तक हातात पत्त्यांसारखं येतं. मी दाभणाने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने ते शिवलं. मागच्या कागदाला दुसरा कागद जोडावा लागला. एकूण त्रेपन्न जणांनी वाचलं, पैकी चाळिसांनी विचारलं, पुढचं कधी?

म्हणून मी प्रकाशकांकडे फोन केला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, ‘ताई, पहिल्याचा प्रतिसाद बघून दुसऱ्याचं ठरवू.’ मी म्हटलं, प्रतिसाद माझ्याकडे लेखी आहे, दोन कागद भरून, फोटो पाठवते. ते हसले. ‘प्रतिसाद म्हणजे खपलेल्या प्रती.’ त्यांच्या वहीत भुसावळची एक प्रत. माझ्या वहीत त्रेपन्न माणसं. ही दोन गणितं कधी जुळणार? आणि गंमत अशी की पुरं न होणारं पुस्तक पुन्हा विकत घ्यायला मी कचरते, दुसरी वाचनालयंही कचरत असणार. म्हणजे खप आणखी कमी, म्हणजे दुसरा भाग आणखी लांब.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तेव्हा सकाळच्या सुरत पॅसेंजरने मी मुद्दाम गेले. ग्रंथप्रदर्शनात त्या प्रकाशकांचा गाळा शोधून काढला. स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, ‘मावशी, हा पहिला भाग घ्या, जोरात चाललाय.’ मी म्हटलं, बाळा, पहिला भाग मी शिवलाय. दुसरा? ‘सर लिहितायत.’ सर अजून लिहितायत. मी मात्र तिथून एक भरताच्या वांग्यांची पिशवी आणि एक संपूर्ण कादंबरी घेऊन परतले.

लेखकाने कसं लिहावं हे मी सांगणार नाही. पुलावर सोडायचं असेल तर खुशाल सोडावं, तशा गोष्टींचीही मजा असते. पण तिकीट काढतानाच कळू द्या की गाडी मनमाडपर्यंतच आहे. परीक्षणाच्या शेवटी आपण पृष्ठे आणि किंमत छापता. त्याच ओळीत चार शब्द वाढवा : ‘प्रकरण याच भागात संपते’ किंवा ‘संपत नाही’. खुनी सांगू नका, नाही तर आमच्या नियमाने दहा रुपये पडतील. आणि एखाद्या मालिकेचा दुसरा भाग आला, तर त्याचीही दोन ओळींत नोंद घ्या. पहिल्या भागांना पानभर जागा मिळते, दुसरे भाग मुकाट्याने येतात. गेल्या वर्षी एकाचा मला रद्दीवाल्याकडे शोध लागला.

तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलंय. खाकी कव्हरच्या कण्यावर, नंबराच्या खाली, गोष्ट पुरी असेल तर हिरवी टिकली, नसेल तर लाल. लाल टिकलीचं पुस्तक कुणी नेत नाही असं समजू नका. त्या पुलाच्या पुस्तकाला आज सहा नंबर लागलेत. पण नेणारा कळून नेतो.

आपली,
एक वाचनालयवाली
भुसावळ, जि. जळगाव

ता.क. : त्याच थरारकथेच्या परीक्षणाखाली आपण पृष्ठे २१६ छापली आहेत. माझ्या प्रतीत २०८ आहेत. पान फाटल्याची खूण नाही, मी कणा उसवून पाहिलं. छपाईची चूक असेल तर तसं कळवावं. गार्डसाहेब रोज विचारतात, त्यांचं म्हणणं त्या आठ पानांत नायक पूल उतरतो.