टाचेकडची धार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी अमेरिकेची स्नोबोर्ड खेळाडू लिंडसी जेकबेलिस हिचा निकाल एका वाक्यात लावून टाकला: "हातचं सोनं दिमाखापायी घालवलं." आणि आईचा प्रश्न, एका उडीत गेलेलं ऑलिंपिक सुवर्ण परत मिळवायला सोळा वर्षं कशी लागली? हे फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी खेळ समजून घ्या. स्नोबोर्ड म्हणजे बर्फावर घसरायची फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधून उभं राहायचं, म्हणजे एक धार बोटांकडे, दुसरी टाचांकडे. स्नोबोर्ड क्रॉसमध्ये बर्फाच्या उतारावर चौघींना (२०१४ आणि २०१८च्या ऑलिंपिकमध्ये सहा जणींना) एकदम सोडतात. वाटेत उंचवट्यांच्या रांगा, मोठ्या उड्या आणि बाहेरून बांध घातलेली वळणं. चौघींची फेरी असेल तर पहिल्या दोघी पुढे जातात. वेळ किती लागला याला तिथे किंमत नाही, नंबर कितवा आला एवढंच. शेवटच्या रेषेवर बोर्डाचं किंवा अंगाचं जे टोक आधी पोचेल ते मोजतात, त्यामुळे टीव्हीवर सगळ्या जणी हात पुढे टाकताना दिसतात.

सुटताना दोन्ही बाजूंचे दांडे घट्ट धरायचे आणि गेट पडलं की हाताच्या जोरावर स्वतःला बाहेर ओढून काढायचं. पाठोपाठ उंचवटे येतात. आई, झोपाळ्यावर झोका वाढवायला आपण अंग कधी आखडतो नि कधी ताणतो, तेच इथे पायांनी करायचं. चढ आला की गुडघे छातीशी, उतार लागला की पाय ताणून बोर्ड बर्फात दाबायचा. प्रत्येक उंचवट्यावर थोडा वेग पदरात पडतो. पाय क्षणभर आधी ताणले तर तोच उंचवटा हवेत भिरकावतो, आणि हवेत दाबायला बर्फच नसतो. शिवाय उडीपलीकडचा उतार टळून सपाटीवर आपटलं की होता तो वेगही जातो. म्हणून इथल्या जाणत्या खेळाडू उडीवर उंच जातच नाहीत. टोकाशी गुडघे दुमडून उडी गिळतात.

आता २००६. या खेळाचं पहिलंच ऑलिंपिक, इटलीतलं बार्डोनेकिया, लिंडसी वीस वर्षांची. अंतिम फेरीत मागच्यांपैकी दोघी वाटेतच आपटल्या होत्या, त्यामुळे हिची आघाडी सुमारे ४० मीटरची. शेवटून दुसऱ्या उडीवर तिने 'मेथड' मारली: गुडघे दुमडून बोर्ड पाठीमागे खेचायचा आणि पुढच्या हाताने टाचेकडची धार पकडायची. त्यात अंग पिळतं. उतरण्याआधी पीळ सुटून बोर्ड सपाट, त्याचं नाक उताराच्या दिशेने आणि भार दोन्ही पायांवर हवा. ती टाचेकडच्या धारेवर उतरली, धार रुतली, बोर्ड आडवा झाला आणि ती बसकण मारून घसरत गेली. उठेपर्यंत स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन पुढे निघून गेली. लिंडसीला रौप्य. तोल सावरायला धरलं, असं आधी ती म्हणाली. पुढे मजा म्हणून केल्याचंही कबूल केलं. तेव्हा बाबा, इथवर तुमचं खरं.

पण पुढच्या तीन ऑलिंपिकमध्ये दिमाखाचा काय संबंध? २०१०ला व्हँकुव्हरच्या उपांत्य फेरीत उडीनंतर तोल गेला, वाटेत खुणेसाठी रोवलेलं एक गेट चुकलं. गेट चुकलं की बाद. त्या वर्षीचं सुवर्ण कॅनडाच्या मॅयेल रिकरचं, जी २००६च्या त्याच अंतिम फेरीत आपटली होती! २०१४ला सोचीत आघाडीवर असताना पडली, सातवी. २०१८ला प्योंगचांगला धडपणे खाली आली तरी चौथी, आणि कांस्यपदक ०.०३ सेकंदांनी हुकलं.

एकच अंतिम फेरी, त्यात चौघी-सहा जणी एकमेकींच्या धारेत धार घालून, बर्फ दर तासाला बदलणारा. शिवाय पुढचीच्या आडोशाने मागचीला वारा कमी लागतो, म्हणजे आघाडी हीसुद्धा जोखीमच. तिची लायकी इतर ठिकाणी बघा: वैयक्तिक जगज्जेतेपदं पाच (२००५, २००७, २०११, २०१५, २०१७) आणि एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेतली सुवर्णं दहा. मधे २०१२ला गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. आई, तुझ्या गुडघ्याची झीज वेगळी. हे लिगामेंट नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही, आणि बोर्डवर उतरताना नेमका तिथेच ताण येतो. शस्त्रक्रियेनंतर पुढचा हंगाम तिला सोडावा लागला.

९ फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिंपिक, वय ३६. या वेळी सुटताच पुढे, उड्या सगळ्या बुटक्या, बोर्ड जमेल तितका बर्फाला चिकटलेला. फ्रान्सची क्लोए त्रेप्यू दुसरी. अमेरिकेचं त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण, आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची तोवरची सर्वांत वयस्क महिला तीच.

तीनच दिवसांनी मिश्र सांघिक शर्यत झाली, जोडीला ४० वर्षांचा निक बॉमगार्टनर. यात आधी पुरुष उतरतो, आणि तो जितक्या फरकाने पोचेल तितक्याच फरकाने वर महिलांची गेटं उघडतात. इटलीची मिकेला मोयोली, म्हणजे २०१८ची सुवर्णविजेती, लिंडसीच्या पुढे गेली होती. लिंडसीने मागून येऊन तिला गाठलं आणि दुसरं सुवर्ण घेतलं. बाबा, रेकॉर्डिंग मिळालं तर ही शर्यत आधी लावा. नजर चेहऱ्यावर नको, गुडघ्यांवर ठेवा, आणि मोयोलीला मागे टाकेपर्यंत लिंडसी तिच्या किती जवळ राहते ते बघा. आईला २००६ची उडी थांबवून थांबवून दाखवा. टाचेकडची धार आधी टेकलेली दिसेल.

तुमची,
छोटी